सातवीच्या वर्गासाठी नेपाळविषयीचे खात्रीचे साहित्य कुठे मिळेल?

प्रश्न : किनाऱ्याकडची शाळा

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला इतिहास आणि भूगोल शिकवते. आमच्या गावाभोवती हापूसच्या बागा आहेत. दिवाळी सरली आणि कलमांना मोहोर येण्याचे दिवस जवळ आले की नेपाळमधून राखणीसाठी आणि बागकामासाठी माणसे येतात, काही जण कुटुंबासह येतात. यंदा अशाच एका कुटुंबातील भाऊ-बहीण आमच्या शाळेत दाखल झाले असून बहीण सातवीत आहे. पहिल्याच आठवड्यात वर्गातील एका मुलाने तिला ‘गुरखा’ अशी हाक मारली. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, कारण बागेतल्या राखणदाराला सारे गाव गुरखाच म्हणते आणि त्याने तेच ऐकले होते. मी त्याला थांबवले, परंतु त्या शब्दाऐवजी त्याला काय सांगावे हे मला सुचेना. नेपाळविषयीची माझीही माहिती एव्हरेस्ट, पशुपतिनाथ आणि लुंबिनी या तीन नावांच्या पलीकडे फारशी जात नव्हती.

म्हणून फेब्रुवारी महिन्यात नेपाळवर सहा-सात तासिका घ्याव्यात असे मी ठरवले आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत भारतीय उपखंडाचा उल्लेख येतो आणि नववीच्या राज्यशास्त्रात शेजारी देशांशी असलेल्या संबंधांवर थोडा मजकूर आहे, पण तिथली माणसे कशी राहतात, मुले शाळेत काय शिकतात, शेती कशी होते, याविषयी काही मिळत नाही. इंटरनेटवर शोधले तर एक तर पर्यटनाच्या चित्रफिती समोर येतात, नाही तर स्पर्धा परीक्षांची टिपणे. त्या टिपणांवर विश्वास ठेवावा असे वाटत नाही, कारण काहींमध्ये नेपाळचे अजूनही १४ अंचल आणि ७५ जिल्हे दिलेले आहेत, तर काहींमध्ये ७ प्रदेश आणि ७७ जिल्हे.

शाळेत एक टीव्ही संच आहे. मोबाईलचे नेटवर्क मिळते, पण त्याचा भरवसा नाही, त्यामुळे घरी उतरवून घेता येईल किंवा झेरॉक्स काढता येईल असे साहित्य अधिक उपयोगी पडेल. असे साहित्य कुठे मिळेल आणि ती मुलगी वर्गात बसलेली असताना तिला संकोच न वाटता हा विषय कसा मांडावा, या दोन्ही गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : भूगोलाचा जुना शिक्षक

बाई, आपला प्रश्न वाचून समाधान वाटले. मी तीस वर्षे भूगोल शिकवला, पण शेजारचा देश हा स्वतंत्र विषय म्हणून वर्गात घ्यावा असे मला निवृत्तीच्या आसपास सुचले, याची खंत अजून वाटते.

आपण मराठीतून साहित्य शोधत आहात, ते फारसे मिळणार नाही. मात्र नेपाळच्या बाबतीत आपल्याला अशी एक सोय आहे जी बांगलादेश, श्रीलंका किंवा भूतान यांच्या बाबतीत नाही : नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. आपला सातवीचा विद्यार्थी नेपाळमधल्या तिसरीच्या मुलाचे पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचू शकतो. अर्थ सगळा कळणार नाही, पण निम्मा तरी कळेल आणि उरलेला अर्थ शोधणे हाच पाठ होईल.

नेपाळ सरकारचे ‘पाठ्यक्रम विकास केन्द्र’ भक्तपूर जिल्ह्यातील सानोठिमी येथे आहे. आपल्याकडे जे काम बालभारती करते, तसेच काम तिथे ही संस्था करते, आणि तिच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. संस्थेचे नाव देवनागरीत लिहून शोधले तरी ते संकेतस्थळ सापडते. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी ‘हाम्रो सेरोफेरो’ नावाचे पुस्तक आहे. सेरोफेरो म्हणजे आजूबाजूचा परिसर, म्हणजे आपल्या परिसर अभ्यासाचेच ते भावंड म्हणता येईल. त्यात घर, गाव, कामे, सण, झाडे, हवामान असे विषय चित्रांसह येतात. सहावी ते आठवीसाठी सामाजिक अध्ययनाचे पुस्तक आहे, ते आपण स्वतःच्या तयारीसाठी वाचावे. मुलांना मात्र तिसरीचेच द्यावे, कारण वाक्ये लहान असतात आणि चित्र बघून अर्थ लावता येतो.

मी हा प्रयोग एका वर्गात केला तेव्हा चार पानांच्या झेरॉक्स प्रती दिल्या आणि मुलांना ओळखीच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगितले. विद्यालय, पुस्तक, विद्यार्थी, भात, फूल हे शब्द त्यांना लगेच सापडले. ‘दाइ’ म्हणजे दादा आणि ‘बहिनी’ म्हणजे धाकटी बहीण, हे त्यांनी संदर्भावरून ओळखले. आपल्या भागासाठी एक शब्द मुद्दाम सांगतो : आंब्याला नेपाळीत ‘आँप’ म्हणतात. खरा रस मात्र फसव्या शब्दांत आहे. नेपाळीत ‘घाम’ म्हणजे ऊन. ‘आज घाम लागेको छ’ या वाक्याचा अर्थ आज ऊन पडले आहे, असा होतो. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, त्यामुळे तिथे शिक्षा मंत्रालय असते आणि हे ऐकून आपल्या मुलांचे डोळे विस्फारतात. नेपाळीच्या नेहमीच्या लिखाणात ‘ळ’ येत नाही, आणि झ, ५ आणि ८ यांची वळणे आपल्यापेक्षा निराळी असतात. ती आधी फळ्यावर काढून दाखवावीत, नाही तर मुले अडखळतात.

दुसरी तासिका वेळेवर घ्यावी. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. आपली प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावर ठरते, तर नेपाळची गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या ८६° १५′ पूर्व रेखावृत्तावर. फरक ३° ४५′ इतका आणि एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे बरोबर १५ मिनिटे. रेखावृत्त आणि वेळ यांचे गणित पुस्तकात नेहमी लंडन किंवा न्यूयॉर्कच्या उदाहरणाने येते. इथे ते शेजारच्या देशात जाऊन सुटते, आणि वर्गातल्या एका मुलीच्या घरचे लोक त्या घड्याळाप्रमाणे जगतात.

तिसरे, आलेखाचा कागद. १ सेंटिमीटरला १००० मीटर असे प्रमाण घेऊन कळसूबाई (१६४६ मीटर) आणि सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट (८८४८.८६ मीटर, ही उंची नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केली) शेजारी शेजारी उभे करायला सांगावे. त्यानंतर नेपाळची दक्षिणोत्तर रुंदी सरासरी २०० किलोमीटरपेक्षाही कमी आहे, हे सांगावे. तराईचा, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्याचा, काही भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०-७० मीटर उंचीवर आहे. तिथून पहाड आणि मग हिमाल (बर्फाची शिखरे) इतक्या थोडक्या अंतरात चढत जातात, हे एकदा कागदावर उमटले की तिथल्या नद्या इतक्या वेगवान का, रस्ते बांधणे इतके अवघड का आणि निम्म्याहून अधिक लोक तराईत का राहतात, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारतात.

उत्तर : पाटणमधली आठ वर्षे

पतीच्या नोकरीनिमित्त मी आठ वर्षे काठमांडूजवळच्या पाटणमध्ये राहिले आणि त्यांपैकी पाच वर्षे तिथल्या एका शाळेत शिकवले. गुरुजींनी सांगितलेली पुस्तके उत्तमच आहेत. मला मात्र ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या मते त्याचे उत्तर आधी मिळायला हवे.

ताई, त्या मुलीची मातृभाषा नेपाळीच असेल असे कृपया गृहीत धरू नका. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख आहे आणि तिथे १२४ मातृभाषा नोंदवल्या गेल्या आहेत. नेपाळी ही मातृभाषा असलेले लोक ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी आहेत. त्याखालोखाल मैथिली, भोजपुरी, थारू, तामाङ अशा भाषा येतात. कामासाठी भारतात येणाऱ्यांमध्ये सुदूरपश्चिम आणि कर्णाली या प्रदेशांतील लोक पुष्कळ असतात. तिकडे डोटेली, अछामी, बझाङी बोलतात आणि जनगणनेत त्या स्वतंत्र भाषा म्हणून नोंदल्या आहेत. घरात अछामी, तिथल्या शाळेत नेपाळी, बागेत मोडकी हिंदी आणि आता वर्गात मराठी, इतक्या भाषांमधून ही मुलगी रोज ये-जा करत असण्याची शक्यता आहे. तिला अचानक उभे करून ‘नेपाळीत काही तरी बोलून दाखव’ असे म्हटले, तर तिच्यावर किती दडपण येईल, याचा विचार व्हावा.

म्हणून आधी तिच्या आईवडिलांना भेटा. कोणता जिल्हा, घरी कोणती भाषा, तिथे कितवीपर्यंत शिकली, एवढे विचारा आणि वर्गात नेपाळवर शिकवणार असल्याचे त्यांना सांगा. मुलीला काही सांगावेसे वाटले तर तिने सांगावे, नाही वाटले तर गप्प बसून ऐकावे, हे ठरवण्याचा हक्क तिचाच राहू द्या.

‘गुरखा’ या शब्दाविषयी. गोरखा हा नेपाळच्या मध्यभागातील एक जिल्हा आहे. अठराव्या शतकात तिथला राजा पृथ्वीनारायण शाह याने आसपासची छोटी राज्ये जिंकून आजच्या नेपाळचा पाया घातला. पुढे इंग्रजांनी तिथल्या सैनिकांच्या पलटणी उभारल्या तेव्हा हे नाव सैनिकाला चिकटले, आणि सैनिकाचे पुढे राखणदाराला. असाच दुसरा एक शब्द नेपाळमध्ये रोजच्या बोलण्यात आहे : ‘लाहुरे’. महाराजा रणजितसिंहाच्या सैन्यात भरती होण्यासाठी माणसे लाहोरला जात, त्यांना लाहुरे म्हणत. आता परदेशी नोकरीला गेलेल्या कुणालाही लाहुरे म्हणतात. आपल्या कोकणातल्या मुलांना हा शब्द जवळचा वाटेल. त्यांच्या घरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली आणि ‘चाकरमानी’ झाली. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना बोलू द्या. ‘बहादूर’ हा शब्दही असाच हाक मारण्यासाठी वापरला जातो. तिथे ते अनेक पुरुषांच्या नावाचा मधला भाग आहे, कामाचे नाव नाही, एवढे मुलांना कळले तरी पुरे.

आता साहित्य. ओले नेपाळ या संस्थेचे ‘ई-पुस्तकालय’ हे विनामूल्य डिजिटल ग्रंथालय आहे आणि त्यात नेपाळी बालसाहित्य भरपूर आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर नेपाळी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील सचित्र गोष्टी आहेत आणि त्या उतरवून छापण्याची परवानगीही आहे. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर डाव्या पानावर नेपाळी आणि उजव्या पानावर मराठी अशी घडीपुस्तिका तयार करा, झेरॉक्सवर ती छान निघते. ‘गोरखापत्र’ हे सरकारी दैनिक काढणाऱ्या गोरखापत्र संस्थानाचे ‘मुना’ हे मुलांचे मासिक आहे. जुने अंक कुणाकडून मिळाले तर तिथली मुले काय लिहितात, ते थेट त्यांच्या शब्दांत वाचता येते.

सणांवर एक तासिका जरूर घ्या, पण फक्त सारखेपणा दाखवून थांबू नका. आपली दिवाळी आणि त्यांचा तिहार एकाच सुमारास येतात. पहिला दिवस कावळ्याचा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपण नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करतो त्या दिवशी, तिथे कुत्र्याला टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून, गोडधोड खायला देतात. तिसऱ्या दिवशी गाय आणि लक्ष्मी, आणि पाचव्या दिवशी आपल्या भाऊबीजेला त्यांची भाइ टीका. कुत्र्याचा दिवस ऐकल्यावर मुलांचे प्रश्न थांबत नाहीत. आपल्याकडे वसुबारस आहे, बैलपोळा आहे, मग प्राण्यांचे उपकार स्मरण्याची ही रीत तिथे वेगळ्या अंगाने कशी वाढली, असे बोलणे तिथून सुरू होऊ शकते.

उत्तर : कंपासपेटी

मी गणित शिकवतो, त्यामुळे एकच गोष्ट सांगतो. नेपाळचा ध्वज चौकोनी नाही हे सर्वांना माहीत असते. तो कसा काढायचा याची कृती त्यांच्या संविधानाच्या पहिल्या अनुसूचीत पायरीपायरीने दिली आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. एकूण २४ पायऱ्या आहेत आणि त्या शुद्ध भूमितीच्या आहेत. बाहेरच्या आकाराच्या पहिल्या पाच पायऱ्या सातवीच्या मुलांना सहज जमतात, आणि मी त्या दोन वर्षे करून घेतल्या आहेत.

कागदाच्या खालच्या बाजूला कख हा ९ सेंटिमीटरचा रेषाखंड काढा. क पासून वर लंब काढा आणि त्यावर ग हा बिंदू असा घ्या की कग ची लांबी कख अधिक तिचा एक तृतीयांश, म्हणजे १२ सेंटिमीटर येईल. त्याच लंबावर क पासून ९ सेंटिमीटरवर घ हा बिंदू घ्या आणि ख व घ जोडा. आता खघ वर ख पासून ९ सेंटिमीटर अंतरावर च हा बिंदू घ्या. च मधून कख ला समांतर रेषा काढा. ती लंबाला जिथे छेदते तो छ, आणि छ पासून उजवीकडे ९ सेंटिमीटरवर ज. शेवटी ग आणि ज जोडा. क, ख, च, ज, ग आणि परत क, असा फेरा पूर्ण केला की ध्वजाची बाह्यरेषा तयार होते.

काम बरोबर झाले आहे का, हे तपासण्यासाठी मुलांना कछ हे अंतर मोजायला सांगा. ते ६.४ सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवे. ज्यांचे येत नाही त्यांनी बहुधा च हा बिंदू खघ च्या मध्यावर घेतलेला असतो. चंद्र आणि सूर्य हाताने काढले तरी चालतील, पूर्ण कृतीला दोन तास लागतात. कागद वाया गेले तर ते चुरगळून टाकू देऊ नका. आपल्या ध्वजाच्या बाबतीत जी शिस्त आपण पाळतो तीच दुसऱ्या देशाच्या ध्वजाच्या बाबतीतही पाळली जावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर : किनाऱ्याकडची शाळा

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. सानोठिमीची पुस्तके उतरवून घेतली आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. एक अडचण आली. तिथल्या पुस्तकातील नेपाळच्या नकाशाचा वायव्येचा कोपरा आपल्या नकाशापेक्षा वेगळा दिसतो. हे पान मुलांना द्यावे की वगळावे?

उत्तर : सातारा, इतिहास

ते पान वगळावे, परंतु प्रश्न आला तर तो टाळू नये, असे माझे मत आहे.

१८१५-१६ च्या सुगौली तहाने ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यामध्ये पश्चिमेची सीमा काली नदी ठरली. ही नदी नेमकी कोणत्या उगमापासून मोजायची, यावर दोन्ही देशांचे एकमत नाही. मे २०२० मध्ये नेपाळने कालापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा हा भाग आपला दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला आणि पुढच्या महिन्यात संविधानात तशी दुरुस्तीही केली. भारताने तो दावा अमान्य केला आहे. आपल्या शाळेत लावायचा आणि वाटायचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच असला पाहिजे. त्या विभागाच्या संकेतस्थळावर नकाशे विनामूल्य मिळतात, त्यामुळे त्यात अडचण येणार नाही. नेपाळचे प्रदेश आणि नद्या शिकवण्यासाठी मुलांनाच कोऱ्या कागदावर ढोबळ आराखडा काढू द्यावा आणि त्यात कोशी, गंडकी आणि कर्णाली या तीन मोठ्या नद्या भराव्यात. नकाशा वेगळा का, असे एखाद्याने विचारले तर नदीच्या उगमाविषयी दोन देशांचे मतभेद आहेत, हे सरळ सांगावे. सातवीच्या मुलाला एवढे कळते.

मात्र वर सुचवलेल्या मार्गाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. नेपाळची पुस्तके नेपाळकडूनच घ्यावीत हे मला मान्य आहे, पण कोणत्याही देशाचे पाठ्यपुस्तक हे त्या देशाच्या शासनाने आपल्या मुलांना सांगितलेले कथन असते, आपलेही तसेच असते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये नेपाळचे नवे संविधान लागू झाले, त्याच सुमारास तराईत आंदोलन पेटले आणि काही महिने सीमेवरून इंधन, औषधे यांची वाहतूक अडली. नेपाळमध्ये ही भारताने केलेली नाकाबंदी मानली जाते. भारत सरकारने ते नाकारले होते आणि अडथळा सीमेपलीकडच्या आंदोलनामुळे आहे, असे सांगितले होते. हा प्रसंग सातवीत शिकवावा असे मी म्हणत नाही. पण शिक्षकाला तो माहीत असावा, कारण त्या मुलीच्या घरी सिलिंडर न मिळाल्याची आठवण असू शकते आणि ती वर्गात कधीही निघू शकते. पंतप्रधान कोण, मंत्री कोण असल्या पाठांतराच्या गोष्टी वगळाव्यात. सप्टेंबर २०२५ मधील तरुणांच्या आंदोलनानंतर तिथले सरकार बदलले आणि परीक्षांची जुनी टिपणे एका आठवड्यात निकामी झाली.

महाराष्ट्राशी जोडणारा एक धागा इतिहासातही आहे. १८५७ च्या उठावाचा पाडाव झाल्यावर नानासाहेब पेशवे आणि अवधच्या बेगम हजरत महल नेपाळच्या हद्दीत गेले. नानासाहेबांचा शेवट कसा झाला हे निश्चित कळत नाही. बेगम काठमांडूत राहिल्या आणि १८७९ मध्ये तिथेच वारल्या. त्याच उठावात नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा इंग्रजांच्या मदतीला लखनौपर्यंत फौज घेऊन आले होते. एकाच राज्याने एकीकडे इंग्रजांना साथ दिली आणि दुसरीकडे त्यांच्या शत्रूंपैकी काहींना आसराही दिला, ही गुंतागुंत आठवी-नववीच्या वर्गात चर्चेला घेण्यासारखी आहे. सातवीत मात्र ती घाईने उरकू नये.

उत्तर : लातूरहून

मी किल्लारीजवळच्या गावातली आहे आणि भूकंप झाला तेव्हा दुसरीत होते. म्हणून हा एक विषय सुचवते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याकडे भूकंप झाला. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा तिथल्या घड्याळात ११ वाजून ५६ मिनिटे झाली होती, आणि आपल्या घड्याळात ११ वाजून ४१. गुरुजींनी सांगितलेली १५ मिनिटे इथे पुन्हा भेटतात. तिथे सुमारे ९ हजार माणसे गेली. तो दिवस शनिवार होता, आणि शनिवार ही नेपाळमधली साप्ताहिक सुट्टी. हजारो शाळा पडल्या, पण वर्ग रिकामे होते. आमच्याकडे सगळे झोपेत होते.

दोन्ही ठिकाणी पडलेल्या घरांमध्ये दगड आणि मातीत रचलेल्या जाड भिंतींची घरे फार होती. दगडांना एकमेकांत बांधून ठेवणारे काही नसले की भिंत हादऱ्याने फुगते आणि आतल्या माणसांवर येते. पुनर्बांधणीत भिंतीत आडवे पट्टे घालणे, कोपरे एकमेकांत गुंतवणे, छप्पर हलके करणे, असे उपाय दोन्हीकडे झाले. मुलांना ठोकळ्यांची एक भिंत नुसती रचून आणि दुसरी मध्ये पट्ट्या घालून बांधायला सांगा, आणि मेज हलवा. माझ्या वर्गात हे दरवर्षी होते आणि त्यासाठी काड्यापेट्या आणि आइस्क्रीमच्या काड्या पुरतात. आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या आजी-आजोबांना १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवत असेल, त्यांच्याकडून तो ऐकून यायला सांगा.

परंतु त्या मुलीच्या घरी आधी विचारून घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्णाली प्रदेशातल्या जाजरकोट भागातही रात्री भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या नात्यातले कुणी त्या भागात असेल तर ही तासिका पुढे ढकला किंवा सोडून द्या. मला स्वतःला शाळेत हा विषय निघाला की अनेक वर्षे पाणी प्यायला बाहेर जावे लागत असे आणि बाईंनी मला कधी अडवले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : किनाऱ्याकडची शाळा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. रविवारी बागेत जाऊन आईवडिलांना भेटले. कुटुंब अछाम जिल्ह्यातले आहे आणि घरी अछामी बोलतात, म्हणजे पाटणच्या ताईंचा अंदाज खरा निघाला. मुलगी तिथे पाचवीपर्यंत शिकली आहे. भूकंपाविषयी विचारले तेव्हा आईने त्यांच्या गावाला फार झळ लागली नव्हती, असे सांगितले आणि शिकवायला हरकत नाही म्हणाली. वडिलांनी एकच विचारले, की वर्गात आमच्या मुलीकडे बोट दाखवणार नाही ना.

आतापर्यंत चार तासिका झाल्या. ‘हाम्रो सेरोफेरो’ वाचताना मुले ‘छ’ आणि ‘हो’ (दोन्हींचा अर्थ ‘आहे’) यांत अडखळत होती. दुसऱ्या पानापासून ती मुलगी जागेवरूनच हळू आवाजात त्यांना सांगू लागली. मी तिला पुढे बोलावले नाही. ध्वजाच्या तासिकेत एकवीसपैकी चौदा जणांचे कछ अंतर बरोबर आले. ‘लाहुरे’ आणि ‘चाकरमानी’ हे शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा अर्ध्या वर्गाने आपापल्या काकांची आणि आजोबांची नावे सांगितली. ज्या मुलाने पहिल्या आठवड्यात ती हाक मारली होती त्याने नकाशावर गोरखा शोधले, मग अछाम शोधले, दोन्हींमधले अंतर पट्टीने मोजले आणि तिला विचारले, तू गोरख्याला कधी गेली आहेस का. ती नाही म्हणाली. मग तिने त्याला विचारले, तू नागपूरला गेला आहेस का. तोही नाही म्हणाला.

आता भूकंपाची आणि सणांची तासिका उरली आहे. अछामी भाषेतील एखादी लहान मुलांची गोष्ट किंवा गाणे ऐकण्याच्या स्वरूपात कुणाकडे असेल तर कृपया कळवावे. मला नेपाळीतले मिळाले, पण तिच्या धाकट्या भावाला, जो पहिलीत आहे, नेपाळीही नीट कळत नाही.